टायरच्या कडेचे केस

मोटारसायकलचा मागचा टायर भिंतीला टेकवून ठेवलाय आणि मी त्याच्यासमोर स्टूल घेऊन बसलोय. घरच्यांनी दोनदा डोकावून पाहिलं आणि काही न बोलता आत गेले. खराब झालेला टायर भंगारात द्यायचा असतो, त्याच्याकडे बघत बसायचं नसतं, हे मलाही कळतं. पण हा टायर आज पहिल्यांदाच मी नीट पाहिला. गाडीला लावलेला असताना तो नुसता टायर होता. उतरवल्यावर ती माझी दोन वर्षांची डायरी निघाली, आणि डायरीत मी जे लिहिलं असेल असं मला वाटत होतं, त्यातलं फारसं काही नव्हतं.

बटण टायर आहे हा. ठळक, चौकोनी, एकमेकांपासून अंतर राखून बसलेली रबराची बटणं. नवा आणला तेव्हा मधली बटणं करंगळीच्या अर्ध्या पेराएवढी उंच होती. आता ती वहीच्या पुठ्ठ्याइतकी उरलीत. टायर वरून गोल दिसायला हवा, तर मधोमध चार बोटं रुंद असा सपाट पट्टा पडलाय, जणू कुणी पट्टी धरून तासलंय. आणि कडेला? कडेची बटणं जवळजवळ जशीच्या तशी. त्यांच्यावर रबराचे बारीक केस अजून उभे आहेत.

हे केस कुठून येतात ते ठाऊक नसेल तर सांगतो. टायर साच्यात तापवून, दाबून घडवतात. साच्यातली हवा बाहेर पडावी म्हणून त्याला बारीक भोकं ठेवलेली असतात. हवेच्या पाठोपाठ थोडं रबरही त्या भोकांत शिरतं आणि टायर बाहेर काढला की त्याचेच केस होतात. त्यांचा उपयोग शून्य. रस्त्याला घासले की पहिल्या काही किलोमीटरांत जातात. म्हणजे जिथे केस आहेत, तिथे रस्ता कधी पोचलाच नाही.

मधला सपाट पट्टा म्हणजे सरळ डांबरी रस्ता, सामानानं भरलेली गाडी आणि तासन्‌तास एकच वेग. कडेचे केस म्हणजे वळणावर गाडी कधी पुरेशी झुकवलीच नाही. आणि तिसरी गोष्ट बघायला मला वाकावं लागलं. बटणांच्या कोपऱ्यांवर टोकदार दगडाचे टवके किती? मी मोजले. सगळा टायर फिरवून चार. खडकाळ वाटेवर रोज जाणाऱ्याचा टायर उंदरांनी कुरतडल्यासारखा दिसतो. माझ्या टायरला मात्र दगड जवळजवळ भेटलेच नव्हते.

मग वही काढली. टाकीवरच्या पिशवीत एक छोटी वही असते, तीत पेट्रोल भरताना किलोमीटर लिहितो आणि कच्च्या रस्त्यावर गेलो तर समासात ‘क’ लिहून अंतर टाकतो. ही सवय कशासाठी लागली ते आता आठवत नाही, बहुधा पुढे मित्रांना सांगायला. बेरीज केली. या टायरवर एकूण ११,२४० किलोमीटर. त्यात ‘क’ ३८०. शेकडा साडेतीनसुद्धा नाही. आणि त्या ३८० पैकी तीनशेएक किलोमीटर असे, की तिथून शाळेची बस रोज जाते.

उरलेल्या ऐंशीसाठी मी अकरा हजार किलोमीटर बटणं वाजवत फिरलो.

का, हे लपवण्यात अर्थ नाही. बटण टायर दिसतो छान. उभी असतानाही गाडी आत्ताच कुठून तरी चिखल तुडवून आल्यासारखी वाटते. ॲडव्हेंचर मोटारसायकल नावाच्या प्रकरणाची सुरुवातच मुळी अशा चित्रांतून झाली. बीएमडब्ल्यूनं १९८० साली आर ८० जी/एस आणली. जी म्हणजे गेलेंडे, ओबडधोबड जमीन, आणि एस म्हणजे श्ट्रासं, रस्ता. पुढचं चाक २१ इंची, मागचं १८ इंची. वाळवंटातून जाणाऱ्या पॅरिस-डकार शर्यतीची पहिली खेप २६ डिसेंबर १९७८ ला पॅरिसहून सुटली होती, आणि १९८१ साली त्या शर्यतीत उबेर ओरिओल बीएमडब्ल्यूवर जिंकला. वाळूतून धुरळा उडवत जाणारी गाडी पुढे पोस्टरवर आली आणि पोस्टरवरून आमच्यासारख्यांच्या डोक्यात. त्या नावातल्या दोन अक्षरांमध्ये एक तिरपी रेघ होती, हे आम्ही सोयीनं विसरलो. वाळू घेतली, रस्ता सोडला.

गाड्या बनवणारे मात्र विसरले नाहीत. पुढे या गाड्या वजनदार झाल्या, ताकदवान झाल्या, बऱ्याच मोठ्या मॉडेलांचं पुढचं चाक २१ वरून १९ इंचांवर आलं. कारखान्यातून येताना त्यांच्यावर बहुतेक वेळा रस्त्याकडे झुकलेलेच टायर असतात. आणि घेणारा माणूस घरी आणल्यावर पहिलं काम काय करतो, तर ते चांगले टायर काढून बटणं बसवतो. मीही तेच केलं होतं. ते काढलेले टायर एका मित्राला दिले. त्यानं ते मिटक्या मारत वापरले.

पडलो नसतो तर कदाचित अजूनही बटणंच घेतली असती.

पडणं काही सांगण्यासारखं नव्हतं. मोठा वेग नाही, खोल दरी नाही. पावसाची पहिली सर नुकतीच येऊन गेलेली. रस्त्यावरची धूळ, तेल, रबराची भुकटी सगळं पाण्यात कालवून वर आलेलं. उतार होता, पुढे डावं वळण. वेग असेल वीस-पंचवीस. पुढचा ब्रेक दाबला, फार नाही, रोज दाबतो तेवढाच, आणि त्याच वेळी चाक रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यावर होतं. हँडल एकदम हलकं झालं. बाकीचं आठवतं ते असं, की मी जमिनीवर बसलो होतो आणि गाडी माझ्यापुढे, स्वतःभोवती संथपणे गिरकी घेत, रस्त्याच्या कडेला जाऊन थांबली. कोपराला खरचटलं, डाव्या बाजूच्या सामानाच्या पेटीला पोचा आला. मागून येणारे दोघे थांबले, गाडी उभी करून दिली. त्यातला एक पुढच्या टायरकडे बघून म्हणाला, “हे तर शेतातले टायर आहेत.”

टायरचं नाव सांगत नाही, कारण टायर वाईट नव्हता. चिखलात तो उत्तम होता, हे त्या ऐंशी किलोमीटरांत मी पाहिलेलं. पट्ट्यावर ब्रेक दाबणारा मी होतो. पण रस्त्याचा टायर असता तर ती चूक पोटात घातली गेली असती, असं मला वाटतं. चाक थोडं सरकलं असतं, पोटात गोळा आला असता आणि मी पुढे गेलो असतो.

त्यानंतर मी टायरबद्दल वाचायला लागलो, आणि पहिला हिशेब पाठकोऱ्या कागदावर मांडला तो असा. गाडी अडीचशे किलो, जाकीट-बुटांसकट मी नव्वद, सामान तीस. एकूण ३७०. त्यातले मागच्या चाकावर समजा २२० आणि पुढच्या चाकावर १५०. टायरमध्ये अडीच बार हवा म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण अडीच किलो वजन पेलण्याची ताकद. पुढचे १५० भागिले अडीच, म्हणजे ६० चौरस सेंटिमीटर. मागे हवा जास्त, २.९ बार, तिथे २२० किलोला ७५ च्या आसपास. टायरच्या भिंतींचा, म्हणजे दोन्ही बाजूंचा, ताठरपणाही थोडं वजन उचलतो, त्यामुळे हा हिशेब अंदाजाचाच, पण अंदाज पुरेसा बोलका आहे. पुढचा टायर जमिनीला टेकतो ती जागा पत्त्यांच्या कॅटातल्या एका पत्त्याएवढी, किंचित मोठी. दोन्ही टायर मिळून माझा बोटांसकट एक हात. तीनशे सत्तर किलोंचा हा सगळा डोलारा, त्याचा वेग, त्याचं वळणं आणि थांबणं, सगळं त्या हाताएवढ्या रबरावर.

आणि बटण टायरमध्ये त्या पत्त्याचा मोठा भाग रिकामा असतो. बटणांमधली मोकळी जागा जमिनीला टेकत नाही.

मऊ जमिनीत तोच तर मुद्दा आहे. तिथे बटण कुदळीसारखं रुततं, माती धरतं, मागे ढकलतं, आणि मोकळ्या जागेतून चिखल बाहेर फेकला जातो. डांबरात रुतायचं कुठे? तिथे रबर दुसऱ्या पद्धतीनं पकड घेतं. डांबरातल्या खडीचे बारीक कंगोरे असतात, मऊ रबर दाबाखाली त्या कंगोऱ्यांच्या आकाराला जातं, त्यांना बिलगतं. जेवढं रबर टेकेल तेवढं बिलगायला मिळतं. शिवाय उंच बटण वाकतं. खोडरबर आडवं धरून कागदावर दाबा आणि मग उभं धरून दाबा, उभं डगमगतं. वळणावर गाडी झुकली की प्रत्येक बटण तसं डगमगतं, आणि बसणाऱ्याला गाडी क्षणभर दुसरीकडेच निघाल्यासारखी वाटते. मला ते दोन वर्षं गाडीचा स्वभाव वाटत होतं. ते डगमगणं म्हणजे रबर सतत वाकणं, वाकणं म्हणजे तापणं, आणि तापणं म्हणजे झिजणं. माझी मधली बटणं कुठे गेली त्याचं उत्तर तिथेच होतं.

ओल्या रस्त्याबद्दल माझा एक मोठा गैरसमज होता. खाचा जास्त तेवढी पावसात पकड जास्त, असं मी समजत होतो, आणि बटण टायर म्हणजे सगळ्या खाचाच. कारच्या चपट्या, रुंद टायरला पाणी बाजूला सारायला खाचा फार लागतात, हे खरं. मोटारसायकलचा टायर गोलसर असतो, पाण्यातून होडीच्या नाळेसारखा जातो, त्याला तेवढ्या लागत नाहीत. पाण्याची पातळ फिल्म कापायला काही खाचा हव्यात, पण त्यापुढे ओल्यात खरं काम करतं ते रबराचं मिश्रण. रस्त्याच्या चांगल्या टायरांच्या रबरात सिलिका घालतात, त्यानं रबर थंड आणि ओल्या रस्त्यावरही लवचीक राहतं, लगेच काम करू लागतं. बऱ्याच टायरांत एकाच टायरला दोन मिश्रणं असतात, मधोमध कडक, म्हणजे सरळ रस्त्यावर झिजू नये, आणि कडेला मऊ, म्हणजे झुकल्यावर धरावं. माझा झिजलेला पट्टा आठवला आणि हसू आलं. माझ्यासारख्या माणसाला डोळ्यांसमोर ठेवूनच कुणीतरी हे टायर बनवले होते, मी फक्त दुकानात दुसऱ्या फळीकडे बघत होतो.

निवडायला बसलं की आकड्यांचं जंगल सुरू होतं. नव्वद-दहा, ऐंशी-वीस, पन्नास-पन्नास. म्हणजे नव्वद टक्के रस्ता, दहा टक्के कच्चा. हे आकडे ऐकायला मापासारखे वाटतात, पण ते मोजण्याची सगळ्यांनी मान्य केलेली अशी काही पद्धत नाही. एका कंपनीचा ऐंशी-वीस दुसऱ्या कंपनीच्या नव्वद-दहाशेजारी ठेवला तर नक्षीत फरक शोधायला चष्मा लागेल. शिवाय या टक्क्यांत एक गफलत आहे. वीस टक्के म्हणजे वीस टक्के किलोमीटर, की कच्च्या रस्त्यावर टायर वीस टक्के चांगला? मला तरी हे आकडे मोजमापापेक्षा गिऱ्हाइकाच्या स्वतःबद्दलच्या कल्पनेला लावलेले वाटतात. मी दोन वर्षांपूर्वी ‘पन्नास-पन्नास’ माणूस होतो. वहीप्रमाणे मी साडेशहाण्णव-साडेतीन निघालो.

ढोबळ ओळख असावी म्हणून नावं घेतो. एका टोकाला कॉन्टिनेन्टलचा टीकेसी ८० सारखा मोकळ्या बटणांचा टायर. दुसऱ्या टोकाला मेट्झेलरचा टुरान्स नेक्स्ट, पिरेलीचा स्कॉर्पियन ट्रेल यांसारखे, ॲडव्हेंचर गाडीच्या मापाचे पण मनानं रस्त्याचे टायर. मिशलिनच्या अनाकी नावाखाली तर रस्त्याच्या टायरापासून थेट चिखलापर्यंत सगळं कुटुंब सापडतं. नुसतं ‘अनाकी दे’ म्हटलं तर काय हातात पडेल सांगता येत नाही, पूर्ण नाव वाचावं.

टायरच्या भिंतीवर लिहिलेलं मात्र सगळं वाचावं. मला ते वाचायला चाळिशी उलटावी लागली, आणि चाळिशी लागल्यावर चष्म्याशिवाय ते दिसत नाही, हा वेगळा विनोद. माझ्या गाडीच्या मागच्या टायरवर असतं, १५०/७० आर १७ ६९ व्ही. दीडशे मिलिमीटर रुंदी. भिंतीची उंची त्या रुंदीच्या सत्तर टक्के, म्हणजे १०५ मिलिमीटर. आर म्हणजे रेडियल, १७ म्हणजे रिमचा व्यास इंचांत. इथपर्यंत दुकानदार सांगतो. पुढचे दोन कोणी सांगत नाही. ६९ हा भाराचा आकडा, त्याचा अर्थ हा टायर ३२५ किलो पेलतो. आणि व्ही म्हणजे ताशी २४० किलोमीटरपर्यंतचा वेग. एच असेल तर २१०, टी १९०, क्यू १६०. कित्येक बटण टायरांवर क्यू असतो. तेवढ्या वेगानं आपण जात नाही, मग फरक काय, असं मीही म्हणायचो. पण ते अक्षर म्हणजे उष्णता सहन करायची ताकद आहे, आणि भरलेल्या गाडीवर, कडक उन्हात, तासन्‌तास एकाच वेगानं टायर तापतच असतो. भाराचा आकडा तर मागे कुणी बसणार असेल आणि दोन पेट्या असतील तर पहिल्यांदा बघावा. गाडीच्या पुस्तकात जो दिलाय त्याहून कमी घेऊ नये. भिंतीवरचं ‘एम+एस’ वाचून मी एकदा हरखलो होतो, चिखल आणि बर्फ दोन्ही! ती टायर बनवणाऱ्यानं नक्षीच्या जोरावर स्वतःच स्वतःला दिलेली पदवी आहे, परीक्षेचा निकाल नव्हे.

राहिला जन्मदिवस. भिंतीवर ‘डीओटी’ अशा अक्षरांनी सुरू होणारी एक ओळ असते, तिच्या शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. ‘२३२४’ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. स्वस्तात मिळतोय म्हणून जो टायर घेतो, त्यानं हे चार आकडे बघितल्याशिवाय पैसे काढू नयेत.

मधला मार्ग सुचवणारे मित्र भेटलेच. पुढे बटण आणि मागे रस्त्याचा टायर लावतात काही जण, चिखलात पुढचं चाक वाहून जाऊ नये म्हणून. चिखलात जाणाऱ्याला त्यात तथ्य असेल. मला मात्र त्या गिरकीनंतर पुढच्या टायरबाबत कसलीही तडजोड नको होती. मागचं चाक सरकलं तर माणूस सावरतो, निदान सावरायला वेळ मिळतो. पुढचं सरकलं तर आधी जमीन येते आणि मग कळतं. आणि ब्रेक दाबला की सगळं वजन पुढे येतं, म्हणजे संकटात त्याच पत्त्याएवढ्या जागेवर सगळी भिस्त. दोन्ही रस्त्याचेच घेतले, एकाच जातीची जोडी.

बसवायला दादांकडे गेलो. वयानं माझ्याहून बरेच मोठे, मोटारसायकली चालवण्यात हयात गेलेली, स्वतःची सगळी कामं स्वतः करतात. आपलं काम स्वतः करायला लावून वर मागे उभं राहून चुका काढायची त्यांची पद्धत.

“टॉमी कुठे घालतोयस? समोरच्या बाजूची कड खड्ड्यात बसलीय का बघ आधी.”

टॉमी म्हणजे टायरची कड उचकटायची लोखंडी पट्टी. रिमच्या मधोमध एक खोलगट पन्हाळ असते. टायरची कड, तिच्या आत तारेचं न ताणलं जाणारं कडं असतं, रिमवरून ओढून काढायची तर ती समोरच्या बाजूनं त्या पन्हाळीत उतरायला हवी, तरच इकडे सैल मिळतं. ती उतरली नसेल तर दोन टॉम्या आणि सगळं अंगबळ लावूनही कड हलत नाही. मी घाम गाळत होतो, दादांनी येऊन समोरच्या बाजूवर दोन्ही गुडघे टेकले, आणि माझ्या हातातली टॉमी लोण्यातून जावी तशी गेली. ते काही बोलले नाहीत, त्यामुळे जास्त लागलं.

नव्या टायरवर बाण असतो, फिरण्याची दिशा दाखवणारा. मी पुढच्या टायरची नक्षी मागच्याशी ताडून पाहिली आणि म्हणालो, “दादा, यांचा बाण चुकलाय. खाचा उलट्या दिसतायत.”

“मागचं चाक काय करतं?”

“ढकलतं.”

“आणि पुढचं?”

मी थोडा वेळ घेतला. “थांबवतं.”

“मग जोर उलटा नको?”

मागच्या टायरवर मुख्य जोर वेग घेतानाचा, पुढच्यावर ब्रेकचा, दोन्ही परस्परांच्या विरुद्ध दिशेनं. त्याप्रमाणे नक्षी आणि आतला रबराचा सांधा दोन्ही ठरवतात. इतकी वर्षं गाडी चालवून हे मला त्या दिवशी कळलं.

कडांना साबणाचं पाणी चोपडलं. टायरवरचा पिवळा ठिपका, म्हणजे टायरची सगळ्यात हलकी बाजू, व्हॉल्व्हसमोर आणून ठेवला, कारण व्हॉल्व्हमुळे रिमची तीच बाजू जड असते. मग व्हॉल्व्हची पिन काढून हवा भरायला लागलो. काही क्षण नुसती फुसफुस, साबणाचे बुडबुडे, टायर फुगतोय पण कुठे बसत नाही. आणि एकदम ‘फट्ट!’ एक कड बसली. मी दचकलो, पुढे दुसरा आवाज येणार हे माहीत असूनही त्यालाही दचकलो. दादांनी चाक हातावर घेऊन हळूच फिरवलं, रिमच्या कडेनं टायरवर असलेली बारीक रेघ सगळीकडे सारख्या अंतरावर आहे का ते पाहिलं आणि पिन घालायला सांगितलं.

पहिले दीडशे किलोमीटर जपून चालव, असं सगळे सांगतात, दादांनीही सांगितलं. नवा टायर साच्यातून आलेला, त्याचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो. थोडा घासून खरखरीत झाल्याशिवाय पुरता धरत नाही. मी आज्ञाधारकपणे चालवली. पहिली गोष्ट जाणवली ती म्हणजे शांतता. बटणं डांबरावर वाजत असतात, एकसुरी, घोंघावल्यासारखी. दोन वर्षं मी तो आवाज इंजिनाचा समजत होतो. आता हेल्मेटमध्ये नुसता वारा. दुसरी गोष्ट, वळण. हँडलला जरा सूचना द्यावी आणि गाडीनं ती पूर्ण ऐकायच्या आतच वळायला लागावं, असं. पहिल्या दिवशी तर भीतीच वाटली, गाडी जरा जास्तच आज्ञाधारक झाल्यासारखी. जुन्या डगमगीची इतकी सवय झाली होती, की ती नसणं हाच बिघाड वाटत होता.

हवा मात्र आता मी दर आठवड्याला सकाळी, गाडी काढायच्या आधी बघतो. भरलेल्या गाडीला पुढे ३६ पीएसआय, म्हणजे तेच अडीच बार, मागे ४२, गाडीच्या पुस्तकात आहे तेवढी. चालवून आल्यावर मोजली तर जास्त दाखवते, कारण टायर तापलेला. तापमान दहा अंशांनी वाढलं की पुढच्या टायरचा आकडा दीड-पावणेदोननं वर जातो. जास्त दिसली म्हणून गरम टायरमधली हवा सोडणारे लोक मी पाहिलेत. त्यांची गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी बैलासारखी वळते, आणि ते टायरला शिव्या देतात.

गमावलं काय, तेही सांगायला हवं. महिन्याभरानं एका पायवाटेसारख्या कच्च्या रस्त्यावर वळलो, आदल्या रात्री पाऊस झालेला. पहिले शंभर मीटर ठीक. मग चिकण माती लागली. रस्त्याच्या टायरच्या अरुंद खाचा काही फेऱ्यांतच भरल्या आणि दोन्ही टायर गोटा झाले, तुळतुळीत, लाल. गाडी तिच्या मर्जीनं आडवी चालायला लागली. दोन्ही पाय खाली टाकून, बदकासारखा, मी ती वळवली. जुन्या टायरवर हा रस्ता मी सहज पार केला असता, हे मला त्या वेळी पक्कं माहीत होतं आणि ते बोचलं. परत डांबरावर आलो, काडीनं खाचा मोकळ्या केल्या आणि लांबच्या रस्त्यानं गेलो. वहीत त्या दिवशी समासात ‘क’ लिहिलं, पुढे ०.२.

पुढच्या वर्षी वहीत ‘क’ वाढले तर बटणं परत येतील, मला त्यांचा राग नाही. तो भिंतीला टेकलेला टायर मात्र अजून दिला नाही.

काल गाडी धुताना नव्या मागच्या टायरकडे वाकून पाहिलं. १,९०० किलोमीटर झालेत. मधला भाग गोल आहे, खाचांच्या तळाशी असलेली झिजेची खूण अजून खूप खोल आहे. उजव्या कडेचे केस गेलेत, जवळजवळ कडेपर्यंत रबर खरखरीत झालंय. बरं वाटलं. मग दुसऱ्या बाजूला गेलो. डाव्या कडेला दीड बोट रुंद पट्टा अजून नवाकोरा, चकचकीत, त्यावर सगळे केस शाबूत.

पडलो तेही डाव्याच वळणावर. उद्या पहाटे रस्ता मोकळा असताना निघतो.